रायर आणि गाडीचा ओठ

मी इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार घेतली आणि ती आमच्या सोसायटीच्या स्पीडब्रेकरपेक्षा बुटकी निघाली.

ही गोष्ट मला आधी कळायला हरकत नव्हती. गाडी जमिनीपासून किती वर असते ते माहितीपत्रकात छापलेलं असतं. स्पीडब्रेकर तर आम्ही राहायला आलो तेव्हापासून फाटकात आडवा पडलेला आहे आणि मी रोज त्याच्यावरून चेन्नईबाहेरच्या ओरगडमच्या कारखान्यात जातो. त्या मोटारींच्या कारखान्यात मी काय करतो, तर क्वालिटी. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या गाड्यांमधले दोष शोधणं हा माझा धंदा. त्यावर माझं पोट चालतं आणि, बायकोच्या म्हणण्याप्रमाणे, वाढतं.

गाडी नवी नव्हती. आमचा एक परदेशी साहेब मायदेशी परत जाताना ती विकून गेला. तांबडी, दोन दारांची, अजिबात आवाज न करणारी. नेमका त्याच सुमारास माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा माझा साहेब होऊन बसला होता. अशा वेळी काही लोक अध्यात्माकडे वळतात. मी शोरूममध्ये शोभणाऱ्या वस्तूंकडे वळलो.

पहिल्याच संध्याकाळी फाटकातून आत येताना करकर आवाज झाला आणि गाडीचा पुढचा ओठ तुटून लोंबायला लागला. बंपरच्या खाली जी पातळ, पुढे आलेली पट्टी असते तिला या धंद्यात लिप म्हणतात. वॉचमनने तुटलेला तुकडा उचलला आणि देवळातला प्रसाद द्यावा तसा दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवला. नीलिमा, म्हणजे माझी बायको, गॅलरीतून बघत होती. ती म्हणाली, "उरलेली आत आणणार आहात, की तीही बाहेरच?"

कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी सांगितलं, भाग परदेशातून येईल, आला की कळवू. ते ज्या सुरात म्हणाले त्या सुरात लोक मॉन्सूनबद्दल बोलतात. मग कारखान्यातल्या एकाने पत्ता दिला. गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत एक रायर आहे, कार्बन फायबरचे भाग हाताने बनवतो, पूर्वी शर्यतीच्या गाड्यांचे बनवायचा. "डोक्याने जरा हा आहे," तो म्हणाला, "पण तुमच्याच भाषेचा आहे."

रायर म्हणजे राव. कितीतरी पिढ्यांपूर्वी तंजावरला येऊन राहिलेल्या मराठी माणसांना इकडचे तमिळ लोक रायर म्हणतात. यांचं पूर्ण नाव सेतुमाधव राव. पण वसाहतीत त्या नावाने विचारलं तर कोणी सांगितलं नसतं. रायर विचारल्यावर चहाच्या टपरीवाल्याने मान न वळवता हात केला.

शेडच्या दारातच भंगारवाल्याकडे असतो तसा जमिनीवरचा वजनकाटा होता. त्याच्या पलीकडे वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, आणि बनियन घातलेले, काटकुळे, सत्तरीचे एक गृहस्थ. कपाळावर कोळशाची उभी काळी रेघ.

"काट्यावर उभे राव्हा," ते म्हणाले.

"माझं गाडीचं काम आहे."

"ठाऊक आहे. गाडी दिसते. उभे राव्हा."

मी उभा राहिलो. त्यांनी आकडा वाचला आणि तो खड्या तमिळमध्ये सगळ्या शेडला ऐकवला. सगळी शेड म्हणजे सेल्वीअक्का, त्यांच्याकडे कापड कापणारी बाई. तिने मान वर करून आकड्याची खात्री केल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कात्री चालवायला लागली.

"आतां सांगा. कार्बन तुम्हांला कशाला होणं?"

त्यांच्या मराठीत 'होणं' म्हणजे हवं असणं. मी म्हणालो, "वजन कमी होतं ना गाडीचं."

"किती?"

"या भागाचं म्हणाल तर... किलो-दीड किलो."

"सरि. आतांच काट्यानें काय सांगितलं? एक महिना रात्रीं भात सोडा. कार्बन नक्को, रेझिन नक्को, गुम्मिडिपूंडी नक्को. गाडी आपोआप हलकी जाली."

हा मान फक्त माझाच नव्हता. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आधी काट्यावर उभं करायचे. सिनेमातला कोणी एक निर्माता आपल्या गाडीला मागचा पंख लावून घ्यायला आला होता, तो आकडा ऐकून चिडून निघून गेला. रायर समाधानाने म्हणाले, "काम न करतां वजन गेलं."

पण काम बघावं तर त्यांचंच. कार्बन फायबर म्हणजे काळ्या धाग्यांचं विणलेलं कापड असतं. ते साच्यावर अंथरायचं, रेझिन पाजायचं, वर प्लास्टिकची पिशवी घालून आतली हवा ओढून घ्यायची आणि भट्टीत भाजायचं. हे मी चार ओळींत लिहिलं. रायर ते चार ओळींत करू देत नसत. गाडीच्या बरोब्बर मधून विणीचा भांग पडला पाहिजे आणि डावीकडचा प्रत्येक धागा उजवीकडच्या धाग्याला आरशातल्यासारखा भेटला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. "भांग वाकडा असला तर मुलीला शाळेत धाडतां काय?" ते विचारायचे. मी म्हटलं, मला मुलगी नाही, मुलगा आहे, टोरंटोला. "मग तुम्हांला नाही समजणार," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

रेझिन भरलेलं कापड थंडीत ठेवावं लागतं. म्हणून शेडमधल्या फ्रिजमध्ये कार्बनची गुंडाळी, दह्याचं पातेलं आणि इडलीचं पीठ एकत्र नांदत. फ्रिजच्या वर त्यांच्या दिवंगत पत्नीचा फोटो होता. त्याची चौकट कार्बनची. वीण चारी कोपऱ्यांत अशी जुळलेली की मी क्वालिटीच्या सवयीने जवळ जाऊन बोट फिरवलं.

"हलकी आहे," रायर मागून म्हणाले. "खिळा लहान पुरतो."

त्यांची जीभ अशीच होती. तिला सगळ्यात जास्त धार यायची ती मुलाचं नाव निघालं की. बद्रीचं ओएमआरवर, म्हणजे चेन्नईतल्या आयटीवाल्यांच्या हमरस्त्यावर, चकचकीत दुकान आहे. प्लास्टिकच्या भागावर कार्बनच्या विणीचं चित्र छापलेली फिल्म चिकटवून देतात. दोन दिवसांत काम. रायरांचे जुने कारागीर एकेक करून तिकडे गेले, कारण तिथे एसी आहे आणि धाग्यांवरून बोलणी खावी लागत नाहीत.

"आमचा बद्री मोठा माणूस," रायर म्हणायचे. "कार्बनचे फोटो विकतो. उद्यां जेवणाचे विकेल. लोक चाटतील."

भिंतीवर मोठ्या तमिळ अक्षरांत पाटी होती: कामाच्या जागी बोलू नये. मी पहिल्या दिवशी ती अडखळत वाचली आणि गप्प बसलो. थोड्या वेळाने रायर म्हणाले, "बोला कीं."

"पाटी आहे ना."

"ती तमिळमध्यें आहे. तुम्ही मराठींत बोला."

मग मी बोलायला लागलो. ते साच्यावर वाकलेले, मी रेझिनच्या रिकाम्या पिंपावर बसलेलो. मी थांबलो की ते न बघता म्हणायचे, "आणिक?" मी कारखान्यातल्या नव्या साहेबाला शिव्या द्यायचो, "आणिक?" सांगलीच्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन सांगायचो, "आणिक?" काही उरलं नाही की नीलिमाने काल काय भाजी केली ते सांगायचो, आणि त्यावरही ते विचारायचे, "फोडणींत काय घातलं?" मला वाटायचं, म्हातारा चौकस आहे. तंजावरकडचे लोक असतील चौकस.

भाषेवरून आमची रोज जुंपायची. मी म्हणालो, तुमचं बोलणं ऐकून असं वाटतं की आत्ता कोणीतरी किल्ला सर करून येईल. ते म्हणाले, "तुमची मराठी म्हणजे हिंदीला सर्दी जाली." दुपारी ते भट्टीशेजारच्या शेगडीवर स्वतः स्वयंपाक करायचे आणि केळीची दोन पानं मांडायचे, एक माझं.

"आज डांगर केलं आहे. तुमच्या पुण्यांत करतात कीं नाही?"

"करतात की."

"चुकीचं करत असतील. बसा."

आता गाडीकडे येतो. रायर येत नव्हते, मीच काय ते येत होतो. गाडी ट्रकवर चढवून मार्गळीच्या, म्हणजे डिसेंबरातल्या, थंडीत त्यांच्याकडे सोडली होती. चेन्नईत थंडी म्हणजे पंखा एकवर. ओठ एक आणि चाकं चार, एवढं काम. ओठ कार्बनचा करायचा. चाकांबद्दल मात्र आमचं भांडण झालं. मला मोठी, काळी, पातळ टायरवाली चाकं हवी होती, मासिकात असतात तशी. रायर म्हणाले, "चाक मासिकावरून जाणार काय? रस्त्यावरून जाणार. पोटांत येवढी जड बॅटरी, खालीं चपातीसारखं टायर, आणि पुढें मदुरवायलचा खड्डा. वाकेल." ते म्हणाले, आहेत तीच चाकं ठेवा, टायर एक आकार जाड घाला, चाकांच्या तोंडावर मी कार्बनच्या तबकड्या करून देतो, वारा कापतील, बॅटरी वाचेल. मी तोंड वाकडं करून हो म्हणालो. त्यांनी चाकं काढून घेतली आणि गाडी कामचलाऊ टायरांच्या लोखंडी चाकांवर उभी केली.

पहिल्या शनिवारी ते म्हणाले, हवा वली आहे, अशा हवेत कापड अंथरलं तर फोड येतात. चेन्नईत हवा ओली नसते असा दिवस मी पाहिलेला नाही, पण मी मान डोलावली. "पुढल्या शनिवारीं या."

पुढल्या शनिवारी त्यांनी एक तयार ओठ माझ्यासमोर उन्हात धरला. "दिसतं?" मला काही दिसलं नाही. "सुईच्या टोकायेवढं भोक आहे." मी डोळे बारीक केले आणि, माझा हुद्दा लक्षात घेता दुसरं काही म्हणणं शक्य नव्हतं म्हणून, "हो, आहे खरं," म्हणालो. त्यांनी हातोडा घेतला आणि ओठाचे तुकडे केले. मी भारावलो. कारखान्यात सोमवारी मीटिंगमध्ये मी हा प्रसंग सगळ्यांना सांगितला आणि म्हणालो, याला म्हणतात क्वालिटी.

त्यानंतर असे बरेच हातोडे झाले. कधी भोक, कधी बुडबुडा, कधी भांगाला एक धागा इकडे. पोंगल, म्हणजे इकडची संक्रांत, झाला, शिवरात्र झाली, तमिळ नवं वर्ष आलं. दर शनिवारी मी मूर मार्केट स्टेशनावरून लोकल पकडायचो, पिंपावर बसायचो, बोलायचो, जेवायचो, एक ओठ फुटताना बघायचो आणि संध्याकाळी परत यायचो.

नीलिमा म्हणाली, "ती गाडी आहे की स्थळ? दर शनिवारी बघायला जाता, खाऊन येता, आणि ठरत काहीच नाही."

मी तिला कारागिरीबद्दल चार शब्द सुनावले. पण आतून मीही कंटाळलो होतो. त्यातून मे महिन्यात आमच्या कारखान्याचा कुटुंबमेळा होता. सगळे बायकामुलं घेऊन येतात, साहेब लोक आपापल्या गाड्या दारात लावतात. नवा साहेब येणार, त्याच्या पांढऱ्या ढब्ब्या गाडीशेजारी माझी तांबडी उभी राहणार, आणि तो विचारणार, "सर, ही कोणाची?" या एका वाक्यासाठी मी किती रात्री जागलो होतो ते सांगण्यासारखं नाही. टोरंटोच्या चिरंजीवांनाही फोटो पाठवायचा होता. त्यांचं उत्तर येतं ते अंगठ्याच्या चित्राच्या रूपात, पण तेवढं तरी आलं असतं.

मेळ्याच्या आदल्या शनिवारी मी रायरांना हे सगळं सांगितलं. म्हणालो, आज मी गाडी घेऊनच जाणार.

त्यांनी एक ओठ उचलला, उन्हाकडे धरला, बराच वेळ बघितला. "एक धागा सरकला आहे. पुढल्या शनिवारीं..."

"रायर, सरकू दे. मला असाच द्या."

"असा देतां येत नाही."

"मग कधी येतो देता? पाच महिने झाले. तुमचा मुलगा दोन दिवसांत देतो."

सेल्वीअक्काची कात्री थांबली. ते वाक्य मी मराठीत बोललो होतो, तिला त्यातलं बद्रीचं नावही ऐकू आलेलं नव्हतं, पण ती थांबली. रायरांनी हातातला ओठ हळूच टेबलावर ठेवला. फोडला नाही. वेष्टीच्या टोकाने एकेक बोट पुसलं.

"देतो," ते म्हणाले. "लवकर देतो. त्याच्याकडे न्या."

मला वाटलं ते भांडतील. भांडले असते तर मी कदाचित ऐकलं असतं. ते भांडले नाहीत याचाच मला राग आला. मी तिथूनच ट्रकवाल्याला फोन लावला. तो येईपर्यंत रस्त्यावर उन्हात उभा राहिलो. ट्रक आला, गाडी लोखंडी चाकांवरच वर चढवली. सेल्वीअक्काने खुणेनं विचारलं, तुमची चाकं? मी दारातून मोठ्याने म्हणालो, "असू देत. त्यांना म्हणावं, विणत बसा."

आत दोन पानं मांडलेली होती. पाणी शिंपडून झालं होतं. मी जेवलो नाही.

बद्रीच्या दुकानात थंडगार हवा, मशीनची कॉफी आणि भिंतभर चाकं. बद्री चाळिशीचा, पांढरा शर्ट, वागायला गोड. म्हणाला, अंकल, मराठी समजते, बोलताना जीभ अडते. मग आम्ही इंग्रजीत आणि तमिळमध्ये बोललो. गाडीत बसून त्याने डॅशबोर्डवरचा पडदा बघितला, खाली वाकून टायर बघितले.

"अप्पांकडे होती ना?" त्याने विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"इतके महिने उभी होती ना? तरी बॅटरी बरोबर अर्ध्यावर राखलीय. टायर एका जागी बसून चपटे होऊ नयेत म्हणून गाडी रोज थोडी पुढे-मागे केलीय. कातड्यावर बुरशी नाही. दुसऱ्या कुणाच्या शेडमधून गाडी अशी येत नाही."

"गाडी सांभाळतील, काम नाही करणार," मी म्हणालो.

तो कॉफीच्या मशीनचं बटण दाबत उभा राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "तुमच्याशी बोलतात ते?"

"नको तितकं. माझंही काढून घेतात. भाजीच्या फोडणीपर्यंत."

"माझ्याशी पोंगलला बोलले," बद्री म्हणाला. "मी म्हटलं, अप्पा, घरी येऊन राहा. ते 'सरि', म्हणजे बरं, म्हणाले. आणि आलेच नाहीत. घरी माझी बायको, मुलं, सगळी तमिळ नाहीतर इंग्रजी. अम्मा होती तोवर त्यांचं बरं होतं."

माणूस इतकं उघड सांगत असताना मी काय विचार करत होतो? मी विचार करत होतो की काळ्या चाकांत चकचकीत घ्यावीत की मंद. चकचकीत घेतली, आणि फिल्म चिकटवलेला प्लास्टिकचा ओठही.

मेळ्याला गाडी गेली. नवा साहेब आला, गाडीपाशी थांबला, वाकला आणि ओठावरून नख फिरवलं. मीच शिकवलेलं होतं त्याला तसं नख फिरवायला. "सर," तो अगदी आदराने म्हणाला, "स्टिकर आहे ना हा?" शेजारी त्याची दहा-बारा वर्षांची मुलगी होती, तिनेही नख फिरवून खात्री करून घेतली.

परत येताना मदुरवायलला खड्डा लागला. रायरांनी सांगितला होता तोच असेल असं नाही, तिथे निवडीला वाव आहे. उजवं पुढचं चाक वाकलं, टायरला गालफुगी झाली. पुढच्या आठवड्यात अग्निनक्षत्र लागलं. हे इकडचे उन्हाळ्यातले सगळ्यात होरपळीचे दिवस. डांबर बुटाला चिकटतं. त्या उन्हात ओठावरची फिल्म सोललेल्या कातडीसारखी वर आली. नीलिमा त्याच्याकडे बघून म्हणाली, "हिला कोरफड लावायची का?"

मी बद्रीकडे गेलो नाही. तो हसतमुखाने दुसरी फिल्म लावून देणार हे माहीत होतं. खरं सांगायचं तर शनिवार उगवला की मला काय करावं ते कळत नव्हतं. दोन शनिवार मी घरात इकडून तिकडे फिरलो. नीलिमाला कारखान्याबद्दल सांगायला गेलो, तर ती म्हणाली, हे सगळं तुम्ही मंगळवारी सांगितलंत. घरात मला "आणिक?" विचारणारं कोणी नव्हतं. तिसऱ्या शनिवारी मी ट्रक बोलावला आणि गाडीसकट गुम्मिडिपूंडीला जाऊन उभा राहिलो. तोंडात एक माफीचं वाक्य तयार होतं. वाटेत ट्रकमध्ये ते मी तीन-चार प्रकारे म्हणून बघितलं. ट्रक ड्रायव्हरला वाटलं मी फोनवर बोलतोय.

रायर दारात आले. सोललेला ओठ बघितला, वाकलेलं चाक बघितलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "गुड मॉर्निंग, सर."

"रायर, अहो, मी त्या दिवशी..."

"प्लीज सिट, सर. व्हेरी शॉर्ट वर्क."

मी पिंपावर बसायला गेलो, तर त्यांनी आतून प्लास्टिकची खुर्ची आणून दाराजवळ ठेवली. गिऱ्हाइकांची. मग शिडी लावली, माळ्यावर चढले आणि जुन्या नऊवारी लुगड्यात गुंडाळलेलं एक लांब बोचकं खाली घेतलं. लुगड्यावर धुळीचा थर होता. ते सोडलं. आत माझा ओठ होता. मधोमध भांग, दोन्हीकडचे धागे एकमेकांना भेटलेले. मी जवळ जाऊन बघितलं. या वेळी खरोखर बघितलं. त्यात काहीही खोट नव्हती. मग माळ्यावरून चाकं उतरली, चारी, तोंडावर काळ्या तबकड्या बसवलेल्या, जाड टायर घातलेले.

त्यांनी बद्रीचा ओठ काढला, आपला बसवला. चाकं बदलली. सेल्वीअक्का पाने देत होती, ते बोल्ट आवळत होते. माझा ट्रकवाला बाहेर चहा प्यायला गेला होता, तो परत येण्याआधी सगळं झालं. ओठ इतका नेमका बसला होता की जोडाची रेघ शोधावी लागत होती.

"प्लीज चेक, सर."

"चेक काय करायचं, सुरेख आहे." मी मराठीतच बोलत राहिलो. "नीलिमाने काल वांग्याची भाजी केली होती. फोडणीत तिने..."

ते वेष्टीच्या टोकाने हात पुसत होते. पुसून झाले तरी पुसत राहिले. मला वाटलं, आता विचारतील. त्यांचे ओठ हललेही. मग ते म्हणाले, "थँक यू, सर."

"चाकं थोडी चालवून बघतो," मी म्हणालो. "पुढच्या शनिवारी दाखवायला येऊ का?"

"नो नीड, सर. वर्क इज कम्प्लीट."

एवढं म्हणून ते आत गेले. भट्टीशेजारी केळीचं एक पान होतं. त्यांनी खाली बसून त्यावर पाणी शिंपडलं. पाठ माझ्याकडे होती.

सेल्वीअक्का लुगडं झटकायला बाहेर आली. मी तिला माझ्या मोडक्या तमिळमध्ये विचारलं, हा ओठ कधी तयार झाला?

"पोंगलच्या आधी," ती म्हणाली. "चाकंसुद्धा."

"मग ते दर शनिवारी फोडायचे ते?"

"ते जुन्या शर्यतीच्या गाड्यांचे. भंगारात पडले होते. ते संपत आले तेव्हा मीच शेजारच्या शेडमधून दोन मागून आणले." तिने लुगड्याची घडी घातली, माझ्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सार, ते तुमच्या गाडीला वीतभर तोकडे होते. तुम्ही मोटारींच्या कारखान्यात नक्की काय तपासता?"